घटनादुरुस्ती, सुधारणा, संशोधन. आणि 'मंजुरी' नेमकी कोणाची?

प्रश्न: बातम्यांत 'घटनादुरुस्ती', कायद्यांच्या नावांत 'सुधारणा', अलीकडे 'संविधान संशोधन'ही दिसतं. तिन्ही एकच का? आणि 'घटनादुरुस्तीला मंजुरी' म्हणजे कोणाची?

उत्तर: 'संशोधन' नको. मराठीत त्याचा अर्थ शोधकार्य; कायदा बदलणे हा अर्थ हिंदीतून आला. 'सुधारणा' कायद्याच्या भाषेत रुळलेला शब्द आहे, पण त्यात बदल चांगलाच असल्याची छटा येते. १९७६च्या ४२व्या दुरुस्तीतलं बरंच काही १९७८च्या ४४व्या दुरुस्तीने मागे घेतलं. मग सुधारणा कोणती म्हणायची? म्हणून बोलण्यात-लिहिण्यात 'घटनादुरुस्ती'च बरी.

भर: १९७१च्या २४व्या दुरुस्तीने घटना कशी बदलायची ते सांगणाऱ्या अनुच्छेद ३६८मध्ये 'दुरुस्ती'चा अर्थच लिहून टाकला: भर घालणे, बदल करणे किंवा निरसन करणे. तरीही १९७३मध्ये सर्वोच्च न्यायालयात केशवानंद भारती खटल्यात ७ विरुद्ध ६ मतांनी ठरलं की घटनेची मूलभूत चौकट मोडता येत नाही. दुरुस्त करायची वस्तू शिल्लक राहायला हवी, हे 'दुरुस्ती' या शब्दातच आहे.

बहुमताबद्दल: 'दोन तृतीयांश बहुमत' एवढंच लिहिणं अपुरं आहे. अटी दोन आहेत, त्याही प्रत्येक सभागृहात वेगळ्या. संयुक्त बैठकीची सोय नाही. एक, एकूण सदस्यसंख्येचं बहुमत: ५४३च्या लोकसभेत २७२, रिक्त जागा धरून. दोन, हजर राहून मत देणाऱ्यांपैकी किमान दोन तृतीयांश. तटस्थ राहणारे या दुसऱ्या हिशेबात येत नाहीत. १९७०मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद करणारं विधेयक राज्यसभेत १४९ विरुद्ध ७५ असं पडलं. २२४चे दोन तृतीयांश १४९.३३, म्हणजे १५० मतं हवी होती!

'मंजुरी'बद्दल: खरा घोळ इथे आहे. संसदेत विधेयक *पारित* होतं. राज्यांचे अधिकार किंवा प्रतिनिधित्व यांसारख्या ठरावीक विषयांत निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव करून *अनुसमर्थन* द्यावं लागतं. २८ राज्यांपैकी १४. शेवटी राष्ट्रपतींची *अनुमती*, आणि २४व्या दुरुस्तीपासून ती देणं बंधनकारक आहे. तिन्हींना 'मंजुरी' म्हटलं की मधली पायरी गळलेली कळतच नाही. सहकारी संस्थांविषयीच्या ९७व्या दुरुस्तीत ती खरोखरच गळली. सहकार हा राज्यसूचीतला, म्हणजे राज्यांनी कायदे करायचा विषय, तरी अनुसमर्थन घेतलं नाही. २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या दुरुस्तीने घटनेत घातलेला भाग ९-ख राज्यांतल्या सहकारी संस्थांपुरता रद्द केला. बहुराज्यीय संस्थांपुरता तो टिकला. महाराष्ट्राने २०१३मध्येच आपला सहकार कायदा त्या दुरुस्तीप्रमाणे बदलून घेतला होता.

मग लिहायचं कसं? 'संसदेत पारित, १४ राज्यांचं अनुसमर्थन बाकी.' मथळ्यात मावतं. 'अनुसमर्थन' जड वाटलं तर 'राज्यांचा दुजोरा' चालेल. 'मंजुरी' मात्र नको.