जुने गेम नव्या कन्सोलवर: तुमचा पहिला डाव कसा गेला?

(मानेवाडा)
नागपूरकर मंडळी, मे महिन्यात ताई माहेरी आली होती, बाहेर 45 डिग्री, कूलरसमोरून कोणी हलायला तयार नाही, म्हणून मी निन्टेंडोच्या स्विच कन्सोलवर सुपर मारिओ काढला. 1985 चा गेम, मूळ कॅसेटमध्ये अख्खा 40 केबीचा, सकाळी ग्रुपवर येतो तो गुड मॉर्निंगचा फोटोसुद्धा याहून मोठा असतो. तर जी ताई शाळेत असताना गप्पा मारता मारता पहिला खड्डा पार करायची ती तीनदा त्याच खड्ड्यात पडली. रिमोट खाली ठेवून म्हणे, "जाऊ दे, आता हात नाही राहिला माझा." मला लय वाईट वाटलं. रात्री शोधलं तर चूक तिची नव्हतीच. नवे टीव्ही चित्र चकचकीत करण्यात जरा वेळ घालवतात, बटण दाबल्यावर मारिओ किंचित उशिरा उडतो, आणि या गेममध्ये तेवढ्यानं जीव जातो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड लावला, दुसऱ्या दिवशी ताई पहिल्याच फटक्यात पार!
तुम्ही कोणता गेम घेतला, कसा घेतला, हाताला तसाच लागला का, सगळं लिहा. घाई नाही.

(महाल)
कॉन्ट्रा! 2019 मध्ये कोनामी कंपनीनं जुने कॉन्ट्रा एकत्र करून काढले तेव्हाच घेतला. आमच्याकडे ती 9999 गेमवाली पिवळी कॅसेट होती, फुंकर मारून लावायची, त्यात गेम खरे पंधरा-वीसच पण कॉन्ट्रा होता म्हणजे झालं. मी आणि मोठा भाऊ. धबधब्याच्या लेव्हलला जो आधी वर चढतो त्याच्यासोबत स्क्रीन वर सरकते आणि खाली राहिलेला मरतो, यावरून आमची खरीखुरी मारामारी व्हायची, आई वायर काढून घ्यायची. आता भाऊ पुण्याहून दिवाळीला आला, बसलो, आणि त्या धबधब्याला तो थांबला. प्रत्येक पायरीवर थांबला माझ्यासाठी. माझ्या लाईफ संपल्या तर त्याच्यातली घेऊ दिली. वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए, जादा लाईफसाठीचा हा बटणांचा क्रम बोटांना अजून पाठ आहे, 30 लाईफ मिळाल्या तरी रात्रीचे दोन वाजले.

(सदर)
माझा शोध वेगळाच आहे. व्हिडिओ गेम पार्लरमध्ये रुपयाचं नाणं टाकून आम्ही पोट्टे "मुस्तफा" खेळायचो, त्याचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, कॅपकॉम कंपनीचा, 1993 चा. प्लेस्टेशन, स्विच, सगळी दुकानं पालथी घातली, कुठ्ठेच नाही. कारण तो गेम एका कॉमिकवर आहे, त्याचे हक्क कॅपकॉमचे एकट्याचे नाहीत, म्हणून 2018 मध्ये त्यांनी जुन्या मारामारीच्या 7 गेमचा संच काढला त्यातही हा नाही. तो संच मी घेतला, फायनल फाइट आहे त्यात, चांगलाच आहे. पण पिवळ्या टोपीवाला मुस्तफा नाही ना. मित्र म्हणून राहिले की हजार गेम भरलेला चिनी डबा घे, तो काही मला घ्यावासा वाटत नाही. मिळेल तेव्हा पैसे देऊनच घेईन.

(इतवारी)
घेण्याआधी एक गोष्ट बघा भाऊ. आपल्याकडचे जुने टीव्ही पाल पद्धतीचे, 50 हर्ट्झचे, म्हणजे सेकंदाला 50 वेळा चित्र बदलणारे, जपान-अमेरिकेत 60. मी एक रेसिंगचा गेम डाउनलोड केला (दुकानाचं नाव नाही घेत) आणि गाडी चिखलातून चालल्यासारखी, गाणंही ओढलेलं. 50 वाली आवृत्ती दिली होती, म्हणजे सगळं सहाव्या हिश्श्यानं मंद. असे गेम नुसत्या स्क्रीनशॉटवर घेऊ नका, आधी व्हिडिओ बघा.
आणि बदकं मारायचा बंदुकीवाला गेम कोणी शोधत असेल तर जुनी बंदूक नव्या टीव्हीवर चालत नाही. ट्रिगर दाबला की पडदा क्षणभर काळा व्हायचा, बदकाच्या जागी पांढरा चौकोन यायचा, बंदुकीच्या नळीतला सेन्सर तो उजेड पकडायचा. ती वेळ फक्त डब्बा टीव्हीवर जुळायची.

(वर्धा रोड)
माझी आई 68 वर्षांची आहे. तिच्याकडे पेन्सिल सेलवर चालणारा ब्रिक गेम होता, बाबांची ड्युटी रात्रीची असली की ती अंथरुणात तोच खेळत बसायची, टिक टिक आवाजानं मला झोप लागायची. 2023 मध्ये स्विचच्या ऑनलाइन मेंबरशिपमध्ये गेम बॉयचा (निन्टेंडोचा जुना हातात धरायचा कन्सोल) टेट्रिस आला, तोच विटा रचायचा गेम, वर्षाचे 20 डॉलर, अकाउंट अमेरिकेचं ठेवलंय. आई आता रोज संध्याकाळी वरण लावते आणि कन्सोल घेते. शिट्टी झाली की डाव तिथल्या तिथे सेव्ह करून उठते, ते तिला एकदाच दाखवावं लागलं. मागे रिवाइंड करायची पण सोय आहे, ती नाही वापरत. म्हणते, पडलं ते पडलं, आता त्याच्यावर रचायचं.
एक लक्षात ठेवा, आठवड्यातून एकदा तरी नेटला जोडावं लागतं, नाहीतर हे गेम उघडत नाहीत. गावी जाताना मी आधी जोडून घेते.

(कामठी)
सदरवाले भाऊ, तो पार्लर पायऱ्या उतरून खाली होता का, दारात सायकली लावायला जागा नसायची? असेल तर मी तिथलाच, शनिवारची शाळा सुटली की दप्तरासकट यायचो. फायनल फाइट दोघांनी खेळता येतो. रविवारी माझ्याकडे या, दुसरा रिमोट आहे, गेम मोड लावून ठेवतो.