पुणे लोकसभा : तुमच्या घरातल्या मतदानाच्या आठवणी

ओसरी

नारायण पेठेतला आमचा वाडा पाडायला घेतलाय. माडीवरच्या ट्रंकेत आजोबांची जमाखर्चाची वही सापडली. दूध, रॉकेल, शाळेची फी आणि मागच्या पानांवर एक वेगळीच यादी. पुण्यातून लोकसभेला कोण निवडून आलं ते दर वेळी एकाच ओळीत. आहे तशी उतरवते :

१९५२ – काकासाहेब गाडगीळ. ठीक.
१९५७ – नानासाहेब गोरे. काकासाहेब पडले. सौ.ने झोपडीत टाकले.
१९६२ – शंकरराव मोरे. खालच्या खोल्यांना अजून ओल.
१९६७ – एसेम.
१९७१ – मोहन धारिया, गायवासरू.
१९७७ – धारियाच. पेढे पाव किलो.
१९८० – गाडगीळ (चिरंजीव).
१९८४ – सदर.
१९८९ – सदर.
१९९१ – अण्णा जोशी.

शेवटच्या ओळीचं अक्षर पार हललेलं आहे. ९३ साली आजोबा गेले. एसेम म्हणजे एस. एम. जोशी, गायवासरू हे तेव्हाचं इंदिरा गांधींच्या काँग्रेसचं चिन्ह, आणि चिरंजीव म्हणजे काकासाहेबांचे मुलगे विठ्ठलराव. बासष्टची ओल म्हणजे पानशेतची. जुलै ६१ मध्ये धरण फुटलं तेव्हा वाड्यात पुरुषभर पाणी होतं, त्याची खूण जिन्याखालच्या भिंतीवर अगदी काल-परवापर्यंत दिसायची.

आजोबा कट्टर काकासाहेबवाले. आजीने झोपडीत टाकलं हे त्यांना कसं कळलं, आणि कळल्यावर घरात काय झालं असेल, या विचाराने रात्री झोप लागली नाही. तुमच्या घरी असं काही आहे का? निकाल, चिठ्ठ्या, बूथ, भांडणं, काहीही चालेल. आत्ताच्या पक्षांवरून मात्र इथे हाणामारी नको, त्याला बाकी जगात भरपूर जागा आहे.

मधुकाका७४

"सौ.ने झोपडीत टाकले" 😂 मी वाचून मोठ्याने हसलो, हिने आतून विचारलं काय झालं.

नव्या मंडळींसाठी सांगतो. तेव्हा कागदावर शिक्का मारायची पद्धत नव्हती. दर उमेदवाराची वेगळी पेटी, तिच्यावर चिन्ह चिकटवलेलं. पडद्यामागे जायचं आणि हव्या त्या पेटीत कागद टाकायचा. म्हणून "टाकले". बैलजोडी काँग्रेसची, झोपडी प्रजासमाजवाद्यांची. संयुक्त महाराष्ट्राचं वारं, त्यात गोरे गोव्याच्या सत्याग्रहात तुरुंगवास भोगून आलेले. काकासाहेब म्हणजे नेहरूंच्या पहिल्या मंत्रिमंडळातला माणूस, तोही पडला. आमच्या आईने पेटीला नमस्कार करून मत टाकलं होतं. कुठल्या पेटीला केला ते वडिलांना शेवटपर्यंत सांगितलं नाही.

निशा_धायरी

आमचा प्रॉब्लेमच वेगळा. माहेर सदाशिव पेठ, सासर धायरी. २००९ पासून धायरी खडकवासला विधानसभेत आणि खडकवासला बारामती लोकसभेत. २०२४ ला मी ७ मेला बारामतीचं मत दिलं आणि १३ मेला आईला घेऊन पुण्याच्या मतदानाला गेले. आईची मैत्रीण माझं बोट बघून म्हणते, "अगं तुझं झालं वाटतं आधीच? पहाटे गेलीस का?"

नातेवाइकांना अजून पटत नाही. पाणी महापालिकेचं, कचरा महापालिकेचा, खासदार बारामतीचा.

हडपसरकर

@निशा आम्ही शिरूरमध्ये. शिरूर बघितलंय मी आयुष्यात दोनदा, त्यातलं एकदा बस चुकली म्हणून.

निशा_धायरी

😂😂

बापूंची_लेक

७७ बद्दल लिहायचं तर वडील आणीबाणीत एकोणीस महिने येरवड्याच्या तुरुंगात होते. सुटून आले तेव्हा मी सहा वर्षांची. एवढी दाढी वाढलेली की मी ओळखलंच नाही, आजीच्या मागे लपले. आल्यावर दोन दिवस झोपले आणि तिसऱ्या दिवसापासून प्रचार. घरात पैसा नाही, आई ब्लाउज शिवून चालवत होती. तिला वाटलं होतं हा माणूस आता तरी घरात बसेल.

पण निकालाच्या रात्री मला खांद्यावर बसवून बुधवारात नेलं. दैनिकाच्या कचेरीबाहेर फळा लावलेला, त्यावर एकेक निकाल खडूने लिहायचे. खालून सगळा घोळका ओरडायचा. मला कळत काहीच नव्हतं, फक्त दर ओरड्याला वडिलांचे खांदे हलायचे ते आठवतं. धारिया आले. मग कोणीतरी रायबरेली म्हणालं, इंदिराबाई पडल्या, आणि एक म्हातारे गृहस्थ रस्त्यावर मटकन खाली बसले. वडिलांनी मला उतरवून त्यांना पाणी आणून दिलं.

ओसरी, तुमच्या आजोबांचे पाव किलो पेढे वाचून हे सगळं वर आलं. आमच्याकडे गूळ वाटला होता.

ओसरी

@बापूंची_लेक काय लिहू. आजोबा काँग्रेसवाले असून ७७ ला पेढे का आणले हे मला काल कोडं वाटत होतं. आता वाटतंय शेजारचे कोणी सुटून आले असतील. विचारायला कोणी उरलं नाही, एक आत्या सोडून.

टिळकरोड_टपरी

धारियांचं लोकांना समजत नाही. ७१ ला इंदिराबाईंचे खासदार, मंत्री झाले, ७५ मध्ये जेपींशी बोला म्हणाले म्हणून मंत्रिपद गेलं, आणीबाणीत तुरुंग, ७७ ला त्याच पुण्यातून जनता पक्षाचे. पुढे वनराई ही पर्यावरणाची संस्था काढली. ओळीत फक्त "धारियाच" लिहिलंय आजोबांनी, पण त्या "च" मध्ये सगळं आलं की.

मधुकाका७४

मान गये.

गुरुजी_निवृत्त

मी शाळामास्तर, त्यामुळे निवडणूक म्हणजे ड्युटी. नवरा-बायको दोघं शिक्षक, दोघांनाही ऑर्डर, मुलगा शेजाऱ्यांकडे.

आदल्या दिवशी साहित्यवाटप. पत्र्याच्या मतपेट्या, लाख, सुतळी, शाई, फुलीचा शिक्का, पस्तीस प्रकारचे लिफाफे. सगळं मोजून घ्यायचं, मग बसची वाट बघत उन्हात. रात्री वर्गात बाकं जोडून झोपायचं. डासांनीही त्या रात्री शंभर टक्के मतदान केलेलं असायचं.

मतपत्रिकेची घडी आधी उभी, मग आडवी. हे आम्ही प्रत्येक मतदाराला सांगायचो आणि प्रत्येक जण उलट घालायचा. कारण साधं आहे, चुकीची घडी पडली की ओली शाई दुसऱ्या चिन्हावर उमटते आणि मोजणीला एजंट भांडत बसतात. ९८ ला एका आजीबाईंनी शिक्का मारायचा सोडून अंगठा उमटवला, तोही दोन चिन्हांच्या बरोबर मधल्या रेघेवर. "दोघंही चांगली पोरं आहेत" म्हणाल्या. मत बाद. मला अजून वाईट वाटतं.

आता यंत्रं आली, लिफाफे मात्र तेवढेच राहिले. सकाळी सातच्या आधी दीड तास एजंटांसमोर अभिरूप मतदान, म्हणजे यंत्राची चाचणी, घ्यायचं, किमान पन्नास मतं. मग क्लोज, रिझल्ट, क्लिअर, तेही याच क्रमाने. क्लिअर राहिलं तर नोकरीवर बेततं. मी निवृत्त झालो तरी पहाटे साडेचारला दचकून उठतो, क्लिअर केलं का?

कोथरूडची_केतकी

गुरुजी 🙏 २०२४ ला ३५ उमेदवार होते, टेबलावर तीन-तीन यंत्रं शेजारी शेजारी. सासूबाई आत गेल्या त्या येईचनात. केंद्राध्यक्षांनी बाहेरून विचारलं, "आजी, सापडलं का?" आतून उत्तर, "थांबा हो, सगळे वाचतेय. एवढे उभे राहिलेत बिचारे."

कुकर लावलाय, नंतर लिहिते.

रिकामटेकडा

आजोबांची यादी अर्धवट राहायला नको. त्यांच्याच शैलीत पुढे :

१९९६ – सुरेश कलमाडी. बापट पडले.
१९९८ – विठ्ठल तुपे. कलमाडी या खेपेस अपक्ष, युतीचा पाठिंबा, तरी पडले.
१९९९ – प्रदीप रावत.
२००४ – कलमाडी.
२००९ – सदर.
२०१४ – अनिल शिरोळे. तीन लाखांवर.
२०१९ – गिरीश बापट. तेही तीन लाखांवर. ९६ ची परतफेड.
२०२४ – मुरलीधर मोहोळ. सव्वा लाखाच्या आत-बाहेर.

मधुकाका७४

९८ एकदम बरोबर. आमच्या आळीतल्या कार्यकर्त्यांची जी पंचाईत झाली! दोन वर्षांपूर्वी ज्याच्याविरुद्ध घसा बसेपर्यंत ओरडले त्याच्यासाठीच आता चिठ्ठ्या वाटायच्या. एक जण तर ऐन प्रचारात अष्टविनायकाला निघून गेला. म्हणाला, नवस होता.

शनिवारातला

रिकामटेकडा, २०२३ राहिलं की. ती ओळ अशी हवी : "बापट गेले. जागा रिकामी."

२९ मार्चला गेले. त्याच्या महिनाभर आधी कसब्याच्या पोटनिवडणुकीत नळी लावून, व्हीलचेअरवर केसरीवाड्यात आले होते. मी तिथे होतो. पक्ष वगैरे सोडा, पाच वेळा कसब्याचा आमदार झालेला माणूस, प्रत्येकाला नावाने हाक मारणारा, त्याला तसं बघवलं नाही. ती पोटनिवडणूक काँग्रेसच्या रवींद्र धंगेकरांनी काढली.

नंतर लोकसभेची पोटनिवडणूक झालीच नाही. डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयाने ताबडतोब घ्या सांगितलं, जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. सव्वा वर्ष पुण्याला खासदार नव्हता. आणि खरं सांगू, आमच्या गल्लीत कोणाच्या लक्षातही आलं नाही. 😐

हडपसरकर

रस्त्यावरचे खड्डे तेव्हाही तसेच होते ना? मग कसं लक्षात येणार.

पर्वतीदर्शन

२०१४. १७ एप्रिल. सकाळी सव्वासातला आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून केंद्रावर. यादीत बायको आहे, मुलगा आहे, अकरा वर्षांपूर्वी वारलेले वडील आहेत. मी नाही! ओळखपत्र हातात, त्यावर फोटो माझाच. टेबलवाल्या पोराने सगळी यादी तीनदा बघितली, म्हणाला, "काका, तुम्ही नाहीये." म्हटलं, बाबा रे, समोर उभा आहे. "ते दिसतंय, पण नाहीये."

त्या दिवशी शहरात माझ्यासारखे किती निघाले ते तुम्हाला ठाऊक आहेच. लोक ओळखपत्रं घेऊन रस्त्यावर आले होते. तेव्हापासून दर जानेवारीत यादीत स्वतःला शोधतो. वडील आता नाहीत यादीत. ते दिसले नाहीत तेव्हा उगाच जरा कसंतरी झालं.

बापूंची_लेक

शेवटची दोन वाक्यं 💛

कोथरूडची_केतकी

आले. भात करपला. आमच्याकडे मतदानाचा ठरलेला क्रम, आधी मत, मग मिसळ. सासरे म्हणायचे, पोट रिकामं असताना डोकं नीट चालतं.

टिळकरोड_टपरी

मिसळ कुठली? हे महत्त्वाचं आहे.

कोथरूडची_केतकी

नाही सांगणार, आधीच रांग असते तिथे.

शनिवारातला

मतदानाच्या रांगेपेक्षा मिसळीची रांग मोठी म्हणून तर २०१९ ला आपण पन्नास टक्केही भरलो नाही. २०२४ ला त्रेपन्नच्या आसपास. एवढी भाषणं ऐकणारं गाव आणि अर्धं गाव घरी.

गुरुजी_निवृत्त

दुपारी एक ते चार केंद्रावर चिटपाखरू नसतं. आम्ही तेव्हाच डबे खायचो. नियमाने केंद्र बंद करता येत नाही, नाहीतर पुण्यात पाटी लावली असती.

वृषाली_म

मोजणीचं कोणी लिहिलं नाही का? मी २०१९ ला मोजणी प्रतिनिधी होते. कोरेगाव पार्कचं धान्याचं गोदाम. मे महिना, वर पत्रा, फोन बाहेर काढून घेतलेले. जाळीच्या पलीकडे टेबलं आणि अलीकडे आम्ही, मान वाकडी करून आकडे टिपतोय. गव्हाचा वास होता सगळीकडे. बाहेर गुलाल सुरू झाला तरी आत आमची फेरी चालूच होती. संध्याकाळी घरी गेले तर नवरा मला सांगतोय कोण आलं ते. अरे, मी तिथेच होते!

आमचा उमेदवार पडला होता. ती वही अजून आहे माझ्याकडे, फेरीवार आकड्यांची. का ठेवलीये कोण जाणे.

मधुकाका७४

तुमच्या नातीला सापडेल ट्रंकेत.

ओसरी

आत्याला फोन केला. वय ८३, कान शाबूत, जीभ त्याहून. ती जे म्हणाली ते तसंच लिहिते :

"अगं, आई त्याला दर वेळी उलटंच सांगायची. तो विचारायचा, कोणाला दिलंस? त्याचा जो असेल त्याच्या विरुद्धचं नाव घ्यायची. मग तो जेवताना गप्प. तेवढीच शांतता मिळायची तिला. झोपडीत टाकलं का बैलांना घातलं, देव जाणे. तो बसला वहीत लिहून."

आणि पेढे धारियांचे नव्हतेच. त्याच आठवड्यात माझ्या धाकट्या काकाला नोकरी लागली होती. आजोबांनी खर्च चुकून या पानावर लिहिला.

टिळकरोड_टपरी

😂😂😂 आणि मी त्या "च" चं रसग्रहण करून बसलो.

बापूंची_लेक

मला आजी फार आवडल्या.

निशा_धायरी

ओसरी, ती ट्रंक तुम्ही ठेवणार आहात का? लोखंडी आहे की पत्र्याची? आमच्या गच्चीत कुंड्यांखाली ठेवायला हवी होती एक.

ओसरी

पत्र्याची आहे, कडी तुटलेली. रविवारी अकराच्या आत आलीस तर घेऊन जा, नंतर भंगारवाला येणार आहे. वही मी ठेवून घेतेय.

निशा_धायरी

येते. नारायण पेठेत गाडी कुठे लावू ते तेवढं सांगा.