फवारणीनंतरही झुरळे परत का येतात?

प्रश्न: दर महिन्याला फवारणी करूनही ओट्याखाली लहान, फिकट तपकिरी झुरळे पुन्हा दिसू लागतात. औषध बदलावे की पद्धत?

उत्तर १: पद्धत. वर्णनावरून ही जर्मन झुरळे वाटतात. त्यांची मादी साधारण ३० ते ४० अंड्यांची कोशिका (अंडी सामावणारे कवच) पिल्ले बाहेर पडण्याच्या बेतात येईपर्यंत शरीराला चिकटवून वागवते आणि त्या कवचात फवारा सहसा पोहोचत नसल्यामुळे मोठी झुरळे मेली तरी नवी पिढी शिल्लक राहते.

उत्तर २: जेलचे (झुरळांसाठीच्या विषारी आमिषाचे) बारीक ठिपके कपाटांच्या बिजागऱ्यांजवळ, सिंकखाली आणि फ्रिजच्या मोटरमागे लावावेत. विष सावकाश भिनत असल्याने ते खाल्लेले झुरळ बिळात जाऊन मरते व त्याची विष्ठा किंवा कलेवर खाणारी इतरही मरतात. मात्र जेलजवळ फवारा मारू नये (ही चूक मीही केली आहे). वासामुळे झुरळे आमिषाला तोंड लावत नाहीत.

प्रश्नकर्ता: बोरिक पावडर चालेल का?

उत्तर २: चालेल, पण ढीग दिसला की झुरळे वळसा घालतात, म्हणून कोरड्या फटींत, मुलांच्या हाती लागणार नाही अशा बेताने, जेमतेम दिसेल इतका पातळ थर द्यावा.

उत्तर ३: त्याआधी गळका नळ दुरुस्त करावा, झुरळे उपाशी बरेच दिवस तगतात, पाण्यावाचून नाही.