मदत हवी आहे: घानात ट्रोट्रोने फिरणं कसं जमवायचं?

नमस्कार मंडळी. नोकरीसाठी टेमाला येऊन तीन आठवडे झाले. कंपनीची गाडी कामापुरतीच, त्यामुळे रविवारी अक्राला जायचं तर ट्रोट्रो.

ट्रोट्रो म्हणजे आपलं वडापच! भरल्याशिवाय हलत नाही. दारातला पोरगा, त्याला इथे 'मेट' म्हणतात, "सर्क सर्क सर्क" ओरडत असतो. ते म्हणजे अक्रातला क्वामे एन्क्रुमा सर्कल हा चौक, हे कळेपर्यंत मी दोन गाड्या सोडल्या होत्या. लोक रस्त्याकडेला बोटाने खुणा करून गाडी थांबवतात. बोट गोल फिरवलं की सर्कल, एवढंच समजलंय. बाकीच्या खुणा कुणी सांगेल का?

परवा उजव्या हातात पिशवी होती म्हणून मेटला डाव्या हाताने पैसे दिले. त्याने घेतलेच नाहीत! शेजारच्या मावशींनी डोळे वटारले तेव्हा डोक्यात उजेड पडला. (रस्ता ओलांडतानाही तीच गत. इथे 1974 पासून वाहनं उजवीकडून चालतात, आणि मी अजून आधी उजवीकडेच बघतो.)

टॅक्सीवाले "ड्रॉपिंग?" विचारतात, म्हणजे अख्खी गाडी एकट्यासाठी. भाव आधीच ठरवतो, पण सांगितलेल्या आकड्याच्या किती खाली जावं?

मुख्य प्रश्न: डिसेंबरअखेर बायको येतेय, कुमासीला जायचंय. अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. तिला दमा आहे आणि तेव्हा हरमॅटनची (सहारातून येणाऱ्या कोरड्या वाऱ्याची) धूळ असणार, म्हणून एसी बसच हवी. सणाच्या गर्दीत तिकीट किती दिवस आधी काढावं? आणि पहाटे निघावं की दुपारी?