पस्तीस, त्रेपन्न आणि मेघनाची कॅश

(सोसायटीचा ग्रुप. मंगळवार रात्रीपासून.)

सेक्रेटरी (सी-४०१): उद्या टँकर सकाळी साडेसहाला. गेटसमोर दुचाक्या लावू नयेत. मेंटेनन्स थकबाकी: ए-३०१ – १,८५०, बी-१०३ – ३,६००, सी-१०२ – ७,२००. कृपया या आठवड्यात भरावी.

रोहित (सी-१०२): माझी बाकी २,७०० आहे साहेब. ७,२०० कुठून आले?

सेक्रेटरी (सी-४०१): वही बघून सांगतो.

नीलिमा (बी-२०४): झोपायच्या वेळेला त्रास देतेय. कुलकर्णी काका, जागे आहात का? मेघनाला बँकेत लागून आज बारावा दिवस. आधी नुसती पासबुकं भरून देत होती, कालपासून कॅशला बसवलंय. आज कॅश १८,००० कमी आली. पावणेनऊला घरी आली, जेवली नाही. खोलीत बसलीय.

रोहित (सी-१०२): बारा दिवसांत कॅशला बसवतात? सोडून दे म्हणावं. पगार किती नि जोखीम किती.

कुलकर्णी काका (ए-२०२): रोहित, थांब जरा. नीलिमा, बरोब्बर १८,००० का? की १७ हजार नऊशे आणि काहीतरी?

नीलिमा (बी-२०४): बरोब्बर अठरा. आणि काका, शाखेतली एक सहकारी तिला म्हणाली की गाजावाजा नको, उद्या एटीएममधून काढून गुपचूप टाक. ही तयार झालीय.

कुलकर्णी काका (ए-२०२): अजिबात नाही. तिला फोन दे, नाहीतर हे वाचून दाखव. पैसे टाकले की कॅश जुळेल आणि चूक कुठे झाली ते कोणी शोधणारच नाही. कोणाच्या तरी खात्यात चुकीची रक्कम पडून असेल, ती तशीच राहील. साहेबांना लेखी कळवलंय का?

मेघना (बी-२०४): काका, मी मेघना. हो, कळवलंय. सरांनी रक्कम सस्पेन्सला, म्हणजे न जुळलेल्या रकमांच्या तात्पुरत्या खात्याला, टाकून दिवस बंद केला. चिडले खूप. मी नोटा तीनदा मोजल्या हो.

कुलकर्णी काका (ए-२०२): कळवलंस ना, मग निम्मं काम झालं. आता ऐक. अठरा हजाराला नऊने भाग जातो. फरकाला नऊने भाग गेला की पहिला संशय अंक उलटे पडल्याचा. १३ चे ३१, २४ चे ४२, ३५ चे ५३, ४६ चे ६४, असंच पुढे ७९ चे ९७ पर्यंत, प्रत्येक जोडीत फरक अठराचा. किंवा २,००० भरले आणि २०,००० पडले, शून्य जास्त. उद्या भरण्याच्या स्लिपांत ह्याच रकमा आधी बघ. नाही सापडलं तर १८ चे निम्मे ९. कोणी ९,००० काढले आणि तू ते भरणा म्हणून टाकलेस, तरी फरक अठराचाच येतो. हे कॉम्प्युटरच्या आधीचं, खतावणीच्या काळचं गणित आहे, पण चालतं.

कुलकर्णी काका (ए-२०२): आणि जेव.

सावंत काका (बी-४०३): मेघना, मी अठ्ठावीस वर्षं लोकल चालवली. केबिनमध्ये मोटरमन एकटाच असतो, तरी सिग्नल दिसला की त्याचं नाव आणि रंग मोठ्याने बोलायचं, "होम, पिवळा". बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, हा कोणाशी बोलतो? पण तोंडाने बोललं की डोळ्याला खरंच बघावं लागतं. आणि गार्डने दोन घंट्या दिल्या की आपण दोन परत द्यायच्या, मगच गाडी हलवायची. हल्ली गार्डाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, घंट्या त्याच. नवीन होतो तेव्हा मला हे पोरकट वाटायचं. गाडी चार मिनिटं लेट, दारात माणसं लटकलेली, कधी एकदा सुटतोय असं व्हायचं. त्याच वेळी माणूस चुकतो. वेळ भरून काढायला गेला की गेला.

शेफाली सिस्टर (ए-१०३): आमच्याकडेही तेच. डॉक्टरांनी फोनवर औषध सांगितलं की लिहायचं आणि त्यांनाच परत वाचून दाखवायचं. डॉक्टर वैतागतात, "ऐकलंस ना?" तरी वाचायचं.

शेफाली सिस्टर (ए-१०३): माझ्या पहिल्या महिन्यातलं सांगते. इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदींच्या येतात, ४० ची आणि १०० ची. सिरिंजही वेगवेगळ्या, ४० ची लाल टोपीची, १०० ची केशरी. रात्री घाईत १०० ची बाटली आणि लाल टोपीची सिरिंज घेतली, २० च्या खुणेपर्यंत भरलं. म्हणजे २० नाही, ५० युनिट. अडीचपट! सुई लावायच्या आधी शेजारच्या सिनियर सिस्टरनी विचारलं, "काय भरलंस, वाचून दाखव." वाचायला लागले आणि तिथेच पाय गळाले. तेव्हापासून इंजेक्शन भरताना माझ्याशी कोणी बोललं तर मी उत्तर देत नाही. नातेवाईक उद्धट म्हणतात, म्हणू देत.

नीलिमा (बी-२०४): वाचूनच अंगावर काटा आला सिस्टर. मेघना थोडा वरणभात खातेय.

सेक्रेटरी (सी-४०१): विषय चांगला आहे पण ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे. 🙏

सावंत काका (बी-४०३): पोर सोसायटीचीच आहे.

(बुधवार)

मेघना (बी-२०४): सापडलं!!! काका, ३५ आणि ५३!

मेघना (बी-२०४): एक किराणा दुकानदार भरायला आले होते. स्लिपवर आकड्यात, अक्षरात, सगळं नीट लिहिलेलं, मागे ५०० × ७०. नोटा मी दोनदा मशीनला लावल्या, ७० च होत्या. मोजण्यात चूक नव्हतीच! ते "पस्तीस भरतोय" म्हणाले, तेवढ्यात एका आजोबांनी पासबुक आत सरकवलं आणि आतून सरांनी हाक मारली. मी स्लिपकडे न बघता ५३,००० टाकले आणि शिक्का मारून दिला. सरांनी आज सकाळी त्यांना फोन करून सांगितलं, मग नोंद उलटवली. ते म्हणाले, मेसेज बघितला होता, दुकान लावून येणारच होतो.

कुलकर्णी काका (ए-२०२): भला माणूस. त्याने काल संध्याकाळीच व्यापाऱ्याला पैसे देऊन टाकले असते तर बसली असतीस चकरा मारत.

पाटील बाई (सी-२०३): मेघना, कानाने ऐकून टाइप केलंस ना? मग हे होणारच. पस्तीस म्हणताना आपण पाच आधी ऐकतो, तीस नंतर. त्रेपन्नमध्ये तीन आधी. बोट कानाच्या मागे गेलं की ५ आधी पडतो. दुसरीच्या वर्गात मी हे रोज बघायचे, "सत्तावीस" सांगितलं की निम्मी मुलं ७२ लिहायची. २०१९ ला बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात "वीस एक, वीस दोन" असंही वाचन दिलं होतं ते याचसाठी, तर केवढा गदारोळ झाला! कन्नड, तेलुगूत दशक आधी बोलतात. आपल्याकडे विनोदच जास्त झाले.

रोहित (सी-१०२): बाई, मीही तेव्हा ते मीम फॉरवर्ड केले होते. सॉरी 😄

पाटील बाई (सी-२०३): माहीत आहे. मलाच पाठवले होतेस.

कुलकर्णी काका (ए-२०२): बाई, नोकरीत पस्तीस वर्षं गेली पण हे कारण कधी सुचलं नव्हतं. मेघना, आता तुझी रीत अशी ठेव. रक्कम स्क्रीनवर टाकलीस की स्लिपकडे बघून अंक सुटे म्हण, "तीन, पाच, शून्य, शून्य, शून्य". मग स्लिप उलटी कर, नोटांचा गुणाकार जुळतो का बघ. शिक्का सगळ्यात शेवटी. काउंटरवर एका वेळी एकाचेच पैसे. मध्ये कोणी बोललं तर पुन्हा पहिल्यापासून, साहेब बोलले तरी. आणि कॅश कधी जास्त आली तर तीही अशीच लिहून द्यायची, ड्रॉवरमध्ये ठेवायची नाही.

मेघना (बी-२०४): साहेबांनी हाक मारली तर थांबा कसं म्हणू काका? बारा दिवस झालेत फक्त.

शेफाली सिस्टर (ए-१०३): म्हणायचं नाही. नुसता हात वर करायचा. मी तेच करते.

सावंत काका (बी-४०३): आणि लाइन मोठी झाली म्हणून बघू नको. लाइन रोजच असणार. आमची गाडी लेट झाली तर शिव्या पडायच्या, पण लाल सिग्नल ओलांडला तर केबिनमधून खाली उतरवायचे.

मेघना (बी-२०४): आज हात वर केला. सर दोन सेकंद थांबले, मग म्हणाले, "घे मोजून." 😅 पण रांगेतले एक काका फार ओरडले.

कुलकर्णी काका (ए-२०२): ओरडू दे. त्याचे मोजताना मात्र त्याला शांतता हवी असते.

रोहित (सी-१०२): सेक्रेटरी साहेब, माझ्या बाकीचं काय झालं?

सेक्रेटरी (सी-४०१): वहीत ७,२०० च आहे.

मेघना (बी-२०४): ७,२०० आणि २,७००. फरक ४,५००. नऊने भाग जातो 🙂

सेक्रेटरी (सी-४०१): पावतीपुस्तक काढतो.