परदेशी कंपनी विकत घेणे हेच मोठेपण का?

सह्यकडा (धागाकर्ता)

काल येथे एका सदस्याने लिहिले की, ज्या भारतीय कंपनीने युरोपात एकही कारखाना विकत घेतलेला नाही ती बहुराष्ट्रीय नव्हेच, ती नुसती निर्यातदार. टाटांनी ब्रिटनची पोलाद कंपनी कोरस आणि मोटार कंपनी जग्वार घेतल्या तेव्हाच आपण जगात पोहोचलो, असे त्यांचे म्हणणे. हे वाचून राहवले नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

31 जानेवारी 2007 रोजी टाटा स्टीलने ब्राझीलच्या सीएसएन या पोलाद कंपनीला लिलावात मागे टाकून कोरस मिळवली. आधीच्या ऑक्टोबरात एका शेअरला 455 पेन्सने सुरू झालेली बोली 608 पेन्सवर थांबली. आपल्या जवळजवळ चौपट क्षमतेची कंपनी, पोलाद तेजीत असताना, कर्ज काढून घेतली आणि दोन वर्षांच्या आत जगभर मंदी आली. सप्टेंबर 2024 अखेर कोरसकडून आलेल्या, वेल्समधल्या पोर्ट टॅलबोट कारखान्याची उरलेली झोतभट्टीही (लोखंड बनवणारी भट्टी) विझली. याउलट आकुर्डीच्या बजाजने नायजेरियात कोणाची कंपनी विकत घेतली नाही. दणकट बॉक्सर मोटारसायकल पाठवली, स्थानिक वितरक जोडला आणि बाजार मिळवला. 2021-22 मध्ये बजाजच्या निम्म्याहून अधिक गाड्या परदेशी गेल्या. खराब रस्ते आणि बेताची मिळकत असलेले गिऱ्हाईक काय मागते हे आपल्याला उपजत कळते, आणि आपल्यासारख्या देशांतल्या कंपन्यांचे खरे भांडवल तेच आहे.

गणेशखिंड

तुम्ही सोयीची तेवढीच उदाहरणे घेतली आहेत. 2008 मध्ये टाटा मोटर्सने फोर्डकडून जग्वार लँड रोव्हर 2.3 अब्ज डॉलरला घेतली, तेव्हाही पहिल्या वर्षीच्या तोट्यावरून सर्वांनी बोटे मोडली होती. पण टाटांनी तिथले अभियंते व डिझाइनर टिकवले, कारभार गाडीधंद्यातल्या जाणत्यांकडे सोपवला, 2011 मध्ये इव्होक ही नवी गाडी आली, चीनची मागणी वाढली आणि पुढे अनेक वर्षे या ब्रिटिश कंपनीनेच मूळ कंपनीला तारले. तो नाममुद्रेचा मान पिंपरीत बसून पन्नास वर्षांतही कमावता आला नसता. तुमच्या लाडक्या बजाजनेही 2007 मध्ये ऑस्ट्रियाच्या केटीएम या मोटारसायकल कंपनीचे 14.5 टक्के भाग घेतलेच ना? आणि नायजेरियाचे म्हणाल, तर 2023 मध्ये तिथले चलन नायरा कोसळताच तिकडची निर्यात खाली आली. गिऱ्हाईक उपजत कळून चलन सावरत नाही.

कानोतला पाहुणा

मी नायजेरियातल्या कानो शहरात एका वितरकाकडे चार वर्षे काढली आहेत, म्हणून बोलतो. तेथे मोटारसायकल ही घरची गाडी नसून भाड्याची असते. चालकामागे दोघे, त्यांच्यामध्ये धान्याचे पोते, आणि दिवसाकाठी दहा-बारा तास रपेट. आमची खरी मेहनत विक्रीत नव्हतीच. कडुनिंबाखाली बसणाऱ्या मेकॅनिकच्या पेटीत क्लचप्लेट आणि चेनस्प्रॉकेटचा संच कायम असावा, यासाठी आम्ही खेडोपाडी फिरत असू. गाडी दुपारी बंद पडली तर संध्याकाळच्या आत रस्त्यावर आली पाहिजे, नाहीतर त्या माणसाच्या घरी चूल पेटत नाही. ही व्यवस्था लिलावात बोली लावून मिळत नाही. चलनाचा मुद्दा मात्र मान्य करावाच लागेल. डॉलर मिळेनासे झाले, तेव्हा गोदामात माल असूनही पुढची मागणी नोंदवता येत नव्हती.

भोसरीकर

तुम्ही सर्व जण कोणी काय घेतले ते सांगता, पैसे कोणाचे गेले ते कोणीच सांगत नाही. माझा सात मशिनचा टर्निंगचा (लेथवर सुटे भाग कातण्याचा) कारखाना आहे. 2008 मध्ये आम्ही ज्या कंपनीला माल देत होतो, तिने नुकतीच परदेशात मोठी खरेदी केली होती. डिलिव्हरी चलानावर माल मिळाल्याचा इनवर्डचा शिक्का पडत होता, मालात खोट नव्हती, पण साठ दिवसांचे पैसे दीडशे दिवसांवर गेले. सीसी लिमिट (बँकेकडून खेळत्या भांडवलासाठी मिळणाऱ्या उचलीची मर्यादा) संपली, बँक रोज फोन करू लागली, आणि कामगारांच्या दिवाळीसाठी मी पत्नीच्या पाटल्या गहाण टाकल्या. त्या वर्षी त्या खरेदीचा बिनव्याजी सावकार मी होतो.

गणेशखिंड

तुमच्याविषयी सहानुभूती आहे, पण हा धागा बिले थकण्याचा नाही. मंदीत सर्वांचेच पैसे अडकले होते. शिवाय लघुउद्योगांसाठीच्या 2006 च्या कायद्याने बिले चुकवायला 45 दिवसांची मुदत घालून दिली आहे. तक्रार का केली नाही?

भोसरीकर

तक्रार केली असती तर पुढच्या महिन्याच्या मालाचे शेड्यूल दुसऱ्याकडे गेले असते, हे भोसरी-चाकणमध्ये एकही दिवस काढलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. तुम्ही कार्यालयात बसून आम्हाला कायदा शिकवू नका! आणि हाच धाग्याचा विषय आहे. ज्या कंपनीला घरच्या पुरवठादाराचे पैसे वेळेवर देता येत नाहीत, तिने परदेशात खरेदीला जाऊ नये.

वाकड

भोसरीकरांचे म्हणणे खरे आहे. 2024 च्या एप्रिलपासून मुदतीत न दिलेली बिले त्या वर्षीच्या आयकरात खर्च म्हणून धरता येत नाहीत, तेव्हा कोठे लेखा विभाग आपणहून फोन करू लागला आहे.

सह्यकडा

पुरवठादाराचा मुद्दा मी मूळ लेखात घ्यायला हवा होता. पण गणेशखिंड यांनी सुझलॉनचे नाव टाळले, ते मी घेतो. पवनचक्क्या बनवणाऱ्या पुण्याच्या या कंपनीने 2007 मध्ये फ्रान्सच्या अरेवा कंपनीशी चुरस करून जर्मनीच्या रीपॉवर या पवनचक्की कंपनीवर ताबा मिळवला, तो तंत्रज्ञानासाठी. पण रीपॉवरमध्ये इतर भागधारक असेपर्यंत जर्मन कायद्यामुळे तिचे तंत्रज्ञान मोकळेपणी घेता येईना. त्यांचे भाग विकत घेईपर्यंत 2011 उजाडले, 2012 मध्ये सुझलॉनची परिवर्तनीय रोख्यांची (शेअरमध्ये बदलता येणाऱ्या कर्जरोख्यांची) परतफेड चुकली आणि 2015 मध्ये तीच रीपॉवर सुमारे एक अब्ज युरोला विकावी लागली. ज्यासाठी घेतली, ते हाती येण्याआधीच कर्जाने गाठले.

गणेशखिंड

सुझलॉनची चूक मान्य, कोरसचीही बऱ्याच अंशी मान्य. पण त्या चुका किमतीच्या आणि वेळेच्या होत्या. बजाजने केटीएमचे भाग थोडेथोडे वाढवले, केटीएमच्या छोट्या ड्यूक मोटारसायकली चाकणमध्ये बनवून जगभर पाठवल्या, आणि 2024 च्या नोव्हेंबरात केटीएम दिवाळखोरीत गेल्यावर 80 कोटी युरोंची तजवीज करून ती वाचवली. तुमच्याच आदर्श कंपनीने शेवटी युरोपातला कारखाना घेतलाच.

सह्यकडा

घेतला, पण अठरा वर्षे एकत्र काम करून, त्यांचे इंजिन आपल्या हातांनी जुळवून झाल्यावर. 608 पेन्सच्या लिलावात आणि यात मला फरक दिसतो. तुम्हाला दिसत नसेल तर आपले एकमत होणार नाही.

भोसरीकर

त्या 80 कोटी युरोंच्या काळात चाकणच्या पुरवठादारांची बिले किती दिवसांत निघाली, हे येथे कोणाला स्वतःच्या अनुभवातून ठाऊक असेल तर त्यांनी लिहावे. माझे मत त्यावर ठरेल.