मदत हवी आहे: लॅपटॉप लोडवर अचानक बंद, बॅटरी की चार्जिंग सर्किट?

१५ इंची लॅपटॉप, ६५ वॅटचा अ‍ॅडॉप्टर, विंडोज ११. चार्जर लावलेला असतानाही लोड (प्रोसेसरवरचा कामाचा ताण) एकदम वाढला की क्षणात बंद पडतो. निळा स्क्रीन येत नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजची नोंदवही) फक्त कर्नल-पॉवर ४१ (नीट बंद न होता पुन्हा सुरू झाल्याची नोंद), बगचेक कोड (क्रॅशचं कारण सांगणारा आकडा) ०. म्हणजे विंडोजला नोंद करायलाही वेळ मिळत नाही, वीजच जाते.

तापमान ७५ अंशांच्या वर गेलेलं नाही, मेमटेस्ट (रॅमची चाचणी) स्वच्छ. अ‍ॅडॉप्टर लोडशिवाय १९.५ व्होल्ट दाखवतो, पण त्यावरून लोडखाली काय होतं ते कळत नाही. जॅक हलवून पाहिला, फरक नाही. बॅटरी रिपोर्टमध्ये मूळ क्षमता ४१ वॅट-तास, आता २३. नुसत्या बॅटरीवर ४०% असतानाच बंद पडतो, म्हणून सेलचा अंतर्गत रोध वाढून व्होल्टेज कोसळत असावं असा संशय.

अडचण अशी: बॅटरीचा कनेक्टर काढून फक्त अ‍ॅडॉप्टरवर तासभर लोड दिला, तर बंद पडत नाही. पण बॅटरी नसली की बरेच लॅपटॉप प्रोसेसरचा वेग आपणहून उतरवतात, त्यामुळे ही चाचणी पक्की मानता येत नाही. (दुकानदार थेट मदरबोर्ड बदला म्हणतो, ते सोडा.)

बॅटरी जोडूनच, टर्बो बूस्ट (प्रोसेसरचा तात्पुरता जादा वेग) बंद करून (प्रोसेसरची कमाल मर्यादा ९९%) चालवलं आणि बंद पडला नाही, तर दोष बॅटरीकडे धरावा का? की चार्जिंग आयसीभोवतीचे मॉसफेट (वीज चालू-बंद करणारे स्विच) आणि करंट-सेन्स रेझिस्टर (प्रवाह मोजणारे रोधक) आधी मोजावेत? मोजायचे तर कुठे आणि किती यायला हवं?